आजोबांच्या फोटोतलं बार्शी लाइटचं इंजिन: त्याची कुंडली कशी मांडायची

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आजोबा बार्शी लाइट या नॅरो गेज रेल्वेवर ड्रायव्हर होते, शेड कुर्डुवाडी. घरात एक फोटो आहे. इंजिनासमोर चौघेजण उभे, फोटो जरा तिरका काढलेला, त्यामुळे मागच्या टेंडरची, म्हणजे कोळसा-पाण्याच्या जोडगाडीची, कड दिसते. टेंडरवर ‘बी.एल.आर.’ ही अक्षरं आहेत. बफर बीमवरच्या, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या आडव्या पट्टीवरच्या, नंबराचा पहिला आकडा स्वच्छ दिसतो, दुसरा आजोबांच्या खांद्याआड गेलाय. फोटोच्या पाठीवर शाईने लिहिलंय, ‘आषाढी, शके 1876’. हे इंजिन कोणतं, कुठे बनलं, कुठे कुठे चाललं आणि शेवटी त्याचं काय झालं, हे तुम्हाला हवंय. शिवाय एक काका सांगतात की ते पुढे माथेरानला नेलं आणि आजही नेरळला उभं आहे.

नॅरो गेजच्या इंजिनांचे जुने कागद वाचण्यात माझी तीसेक वर्षं गेली आहेत. तेवढ्या अनुभवावर सांगतो, तुमच्या हातात आहे तितकं बहुतेकांकडे नसतं. सगळ्यात मोलाची गोष्ट नंबर नाही, पाठीवरची ती ओळ आहे.

शके 1876 मध्ये 78 मिळवा, 1954 येतं. आषाढ असल्यामुळे 78 च, माघी वारी असती तर 79 मिळवावे लागले असते. म्हणजे फोटो जुलै 1954 चा. आता ही तारीख बार्शी लाइटच्या इतिहासावर ठेवून बघा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने 1895 मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली. बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, तिथून बार्शी गावापर्यंत एकवीस मैलांची लाइन 1897 मध्ये सुरू झाली. पंढरपूर 1906 मध्ये जोडलं गेलं, लातूर 1911 मध्ये, मिरज 1927 मध्ये. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि लाइन मध्य रेल्वेत गेली. म्हणजे तुमच्या फोटोच्या दिवशी कंपनी संपून सहा महिने झाले होते, पण टेंडरवर कंपनीचीच अक्षरं होती. आजोबा मध्य रेल्वेचे नोकर झालेले, इंजिनाच्या अंगावर मात्र अजून जुनाच मालक.

यातून शोधाचं पहिलं पाऊल ठरतं. बफर बीमवरचा नंबर कंपनीचा आहे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात सगळ्या भारतीय रेल्वेने वाफेच्या इंजिनांना नव्याने अखिल भारतीय क्रमांक दिले, तेव्हा नॅरो गेजच्या इंजिनांना तीन आकडी नंबर आले. त्यामुळे एकाच इंजिनाचे दोन नंबर तुम्हाला शोधायचे आहेत, कंपनीचा छोटा आणि नंतरचा तीन आकडी. 1960 नंतरच्या कागदात कंपनीचा नंबर शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही, आणि इंजिन मोडीत गेलं असावं असा चुकीचा समज होईल. जुने आणि नवे नंबर समोरासमोर मांडलेले तक्ते आहेत. इंग्लंडमधल्या काही अभ्यासकांनी आयुष्य घालवून ते तयार केले. ते जरूर वापरा, पण त्यांनाही अंतिम शब्द मानू नका. तक्ता म्हणजे कोणीतरी कागद वाचून काढलेला निष्कर्ष असतो, मूळ कागद नसतो.

अडलेला आकडा उलगडायला टेंडरची मदत होईल. बार्शी लाइटची सुरुवातीची इंजिनं टेंडरची नव्हती. लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेली पहिली पाच इंजिनं टाकीवाली होती, म्हणजे पाणी-कोळसा इंजिनावरच. पुढे छोटं चाक नाही, मध्ये जोडलेली आठ चाकं आणि मागे चार छोटी, ज्याला रेल्वेवाले शून्य-आठ-चार म्हणतात. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, हा कॅलथ्रॉपचा हट्ट होता, कारण रूळ यार्डाला फक्त तीस पौंडांचे होते. म्हणून वजन जास्त चाकांवर वाटलं. टेंडर असलेली दोन-आठ-दोन इंजिनं आली ती 1920 च्या दशकात, मिरजेची लांबलचक लाइन होऊ घातली तेव्हा. तेव्हा टेंडरची कड दिसते एवढ्यावरूनच कंपनीच्या यादीतली जुनी सगळी इंजिनं तुम्ही वगळू शकता. उरलेल्यांत पहिला आकडा जुळणारी किती, ते मोजा. एका हाताच्या बोटांवर येतील.

त्यासाठी फोटो नीट स्कॅन करा, निदान 1200 डीपीआयला. मोबाइलने काढलेला फोटो चालणार नाही. फोटो पुसू नका, ओल्या कपड्याचा तर विचारही नको. मग एकेक कोपरा मोठा करून बघा. हेडलाइट कुठे बसवलाय, वाळूचा डोम कसा आहे, धुराड्याच्या कडेला पट्टी आहे का, सिलिंडरच्या वर किंवा कॅबच्या बाजूला कारखान्याची पाटी आहे का. पाटीवरची अक्षरं वाचता आली नाहीत तरी तिचा आकार बोलतो. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीचंच घ्या. 1903 मध्ये तीन जुन्या कंपन्या एकत्र येऊन ती झाली आणि तिच्या तीन कारखान्यांच्या पाट्या तीन आकारांच्या होत्या, गोल, चौकटच्या पत्त्यासारखी आणि लंबगोल. अंधूक फोटोत पाटीचा आकार ओळखता आला, तर कोणाच्या दप्तरात जायचं ते कळतं.

आता काकांची गोष्ट. हे मी आदराने सांगतो, कारण घराघरांत अशा आठवणी असतात आणि त्यांत बहुधा काहीतरी खरं दडलेलं असतं. पण बार्शी लाइटचं इंजिन माथेरानला चालूच शकत नाही. ‘नॅरो गेज’ हा एक शब्द असला तरी गेज एक नाही. बार्शी लाइट अडीच फुटांची, म्हणजे 762 मिलिमीटर. माथेरान दोन फुटांची, 610 मिलिमीटर. रेल्वेच्या वर्गनावांत यासाठी वेगळी अक्षरंच आहेत, अडीच फुटांना झेड आणि दोन फुटांना एन. शिवाय माथेरानच्या घाटातली वळणं इतकी तीव्र की 1907 मध्ये लाइन सुरू झाली तेव्हा जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून खास इंजिनं आणावी लागली. क्लीन-लिंडनर पद्धतीच्या पोकळ आसांमुळे त्यांची टोकाची चाकं वळणावर सरकतात. अशी चार होती. पुढे त्यांना 738 ते 741 हे क्रमांक मिळाले. त्यातलं 738 नेरळला आहे, 740 सातासमुद्रापार इंग्लंडला गेलं.

मग काकांनी नेरळला पाहिलं ते काय? माझा अंदाज आहे, 794. हे इंजिन दार्जिलिंगचं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडचे कारखाने युद्धसामग्रीत गुंतले होते, तेव्हा दार्जिलिंग हिमालयन रेल्वेने 1917 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीकडून तीन इंजिनं घेतली, त्यातलं हे एक. दार्जिलिंगही दोन फुटांचीच, म्हणून ते माथेरानच्या रुळांवर येऊ शकलं. ‘लांबून आणलेलं जुनं इंजिन नेरळला आहे’ ही आठवण खरी, फक्त ते लांबचं गाव कुर्डुवाडी नव्हतं. काकांना हे सांगताना आधी विचारा, त्यांनी ते कधी पाहिलं आणि त्यावर कोणता नंबर होता. आठवणीला आव्हान देण्यापेक्षा तिला तारीख विचारलेली बरी.

दार्जिलिंगचा विषय निघालाच आहे तर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट इथेच सांगतो. इंजिन ही एकसंध वस्तू आहे असं धरून चाललात तर तुम्ही चुकणार. दार्जिलिंगच्या बी वर्गाची 34 इंजिनं 1889 पासून पुढे साडेतीन दशकं बनत गेली. शार्प स्ट्युअर्ट, नॉर्थ ब्रिटिश, बाल्डविन यांनी बनवली, तिनधारियाच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्येही तीन बनली. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्यांचे बॉयलर एकमेकांत बदलले, सिलिंडर बदलले, साइड रॉड (चाकं एकमेकांना जोडणारे दांडे) बदलले, काहींचे तर मूळ सांगाडेही. आज ज्या इंजिनावर एक नंबर आहे, त्याचा बॉयलर दुसऱ्याचा, रॉड तिसऱ्याचे. यात लबाडी काही नाही. वर्कशॉपला गाडी उद्या सकाळी रुळावर हवी असते. ज्याचा बॉयलर तयार, तो ज्याचा सांगाडा तयार त्यावर चढतो.

म्हणून प्रत्येक इंजिनासाठी मी तीन वेगळ्या वंशावळी लिहितो. एक नंबराची, एक सांगाड्याची, एक बॉयलरची. बऱ्याच वर्षांपूर्वी हे न केल्याने मी एक इंजिन चुकीचं ओळखलं होतं. एका शेडच्या आवारात उभ्या असलेल्या इंजिनाच्या बॉयलरवर पाटी होती, तीवरून मी त्याचं जन्मवर्ष ठरवलं आणि तसा लेखही लिहिला. दोन वर्षांनी एका म्हाताऱ्या फिटरने मला तिथेच उभं करून साइड रॉडच्या टोकावरचा रंग पत्र्याच्या तुकड्याने खरवडून दाखवला. आत ठोकलेला नंबर वेगळाच. मग दुसरा रॉड खरवडला, मग सांगाड्याच्या पुढच्या टोकाची आतली बाजू. सांगाडा आणि तीन रॉड एकमेकांशी जुळत होते, बॉयलर एकटा परका होता. लेखाची दुरुस्ती छापून घ्यायला मला पुढे आणखी वर्ष लागलं. तेव्हापासून दोन कागद एकमेकांना जोडताना तिसरा पुरावा सापडेपर्यंत मी ती जोडणी पेन्सिलने लिहितो.

तुम्हीही वही करा. संगणकावरचा तक्ता चालेल, पण रकाने असे ठेवा: तारीख, कागदात जसा आहे तसा नंबर, ठिकाण, काय घडलं, कोणत्या कागदात सापडलं, आणि शेवटी तुमचा स्वतःचा निष्कर्ष. शेवटचे दोन रकाने कधीही एकत्र करू नका. कागद म्हणतो ते एका जागी, तुम्हाला वाटतं ते दुसऱ्या जागी.

आता कागद कुठे आहेत ते. बार्शी लाइटची गंमत अशी की तिचं दप्तर एका राज्यात मावणारं नव्हतं. कंपनी लंडनची, त्यामुळे भागधारकांचे अहवाल, करार आणि सरकारशी झालेला पत्रव्यवहार यांसाठी लंडनमधलं ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर बघायचं. इंजिनं ब्रिटनमधल्या कारखान्यांत बनली. पहिली किटसनची, नंतरच्या खरेदीत पॅट्रिक्रॉफ्टची नॅस्मिथ विल्सन आणि स्टॅफर्डची बॅगनल ही नावं येतात. किटसनचा कारखाना 1938 मध्ये बंद पडला. अशा कंपन्यांचे नकाशे आणि ऑर्डरची पुस्तकं संग्रहालयांत, ग्रंथालयांत आणि खासगी संग्राहकांकडे विखुरली आहेत. त्या मानाने बाल्डविनच्या इंजिनांवर काम करणारे भाग्यवान, कारण त्यांची तपशिलाची पुस्तकं टेक्सासमधल्या एका विद्यापीठाने जपून ठेवली आहेत.

कारखान्याच्या कागदातला नंबर, ज्याला वर्क्स नंबर म्हणतात, तो आयुष्यभर न बदलणारा. मालक बदलो, रेल्वे बदलो, तो सांगाड्याबरोबर राहतो. मात्र कारखान्याच्या तारखेला रुळावरची तारीख समजू नका. लीड्सला बनलेलं इंजिन सुटं करून पेट्यांत भरायचं, बोटीने मुंबईला यायचं, तिथून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मालगाडीतून बार्शी रोडला आणि तिथे पुन्हा जुळवायचं. त्यात महिने जायचे. किटसनच्या इंजिनांची तर 1896 मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे खास तात्पुरती लाइन टाकून जाहीर चाचणी झाली, मग ती निघाली. म्हणून इंग्लंडमधला एखादा चकचकीत फोटो सापडला तर तो बार्शीचा आहे असं लिहून टाकू नका. कारखान्याच्या फोटोसाठी इंजिनाला मुद्दाम फिका राखाडी रंग देत असत, तो ओळखता येतो.

इकडे भारतात आलात की मुंबईचं पुराभिलेखागार, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वे शाखेचे खंड आहेत. जमीन, लाइनची मंजुरी, अपघातांच्या चौकश्या हे त्यात सापडतं. इंजिनाचा नंबर फार क्वचित येतो, पण अपघाताच्या चौकशीत तो हमखास येतो. ड्रायव्हरचं नाव, इंजिन, गाडीचा नंबर, वेळ, सगळं. सोलापूरचं जुनं गॅझेटिअर मात्र उघडू नका. ते 1884 चं आहे, लाइन पडायच्या तेरा वर्षं आधीचं.

लातूरकडचा भाग तेव्हा निजामाच्या हद्दीत होता, हे बरेच जण विसरतात. धाराशिव, लातूर इकडच्या लाइनच्या परवानग्या आणि पत्रव्यवहार हैदराबादला बघावा लागतो, आणि तिथला काही भाग उर्दूत आहे. मिरजेच्या टोकाला संस्थानी कागद आहेत.

याहून मोठी चकवणारी गोष्ट स्वातंत्र्यानंतरची. 2 ऑक्टोबर 1966 रोजी दक्षिण मध्य रेल्वे निर्माण झाली, मुख्यालय सिकंदराबाद, आणि सोलापूर विभाग मध्य रेल्वेतून काढून तिला दिला गेला. 2 ऑक्टोबर 1977 रोजी तो परत मध्य रेल्वेत आला. ही अकरा वर्षं कुर्डुवाडीचं मुख्यालय मुंबई नव्हतं. त्या काळातले अहवाल, बदल्यांचे आदेश, इंजिनं मोडीत काढण्याच्या मंजुऱ्या दक्षिण मध्यच्या शिक्क्याने निघाल्या. एक तरुण अभ्यासक मुंबईला चार वर्षं खेटे घालून थकला होता. त्याचं इंजिन 1965 नंतर कागदांतून गायबच झालं होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, सिकंदराबादचे अहवाल बघ. पहिल्याच खेपेला त्याला ते सापडलं, वर्षाच्या शेवटी सेवेतून काढलेल्या इंजिनांच्या तक्त्यात.

मूळ मुद्द्याचा कागद म्हणजे इंजिनाची हिस्टरी शीट. प्रत्येक इंजिनाची एक असायची. वर्कशॉपमध्ये कधी आलं, पीओएच म्हणजे मोठी दुरुस्ती कधी झाली, फायरबॉक्स कधी बदलला, ट्यूबा कधी काढल्या, टायर कधी चढवले, कोणत्या शेडला गेलं, दोन दुरुस्त्यांमध्ये किती मैल धावलं. तिच्या जोडीला बॉयलरचं वेगळं रजिस्टर. ही दोन्ही समोर ठेवली की वर म्हटलेल्या वंशावळी आपोआप वेगळ्या होतात, कारण बॉयलर ज्या दिवशी एका इंजिनावरून उतरला ती तारीख आणि दुसऱ्यावर चढला ती तारीख दोन्ही मिळतात.

पण लिहिणाराही माणूसच होता, म्हणून मैल तपासून बघा. कुर्डुवाडी ते बार्शी एकवीस मैल. रोज दोन जाऊन-येऊन फेऱ्या म्हणजे चौऱ्याऐंशी मैल. वर्षातले तीनशे दिवस इंजिन चाललं असं धरलं, तरी 25,200 मैल होतात. एखाद्या शीटवर त्या टप्प्यावरच्या इंजिनाला वर्षाला सत्तर-ऐंशी हजार मैल लावलेले दिसले, तर एक शून्य चुकलंय किंवा दोन इंजिनांचा आकडा एकत्र आलाय असं समजा. उलट एखाद्या वर्षी आकडा अगदीच कमी दिसला, तर त्या वर्षी ते वर्कशॉपमध्ये पडून होतं. मग वर्कशॉपची नोंद शोधा. बॉयलर त्याच मुक्कामात बदलला असण्याची शक्यता मोठी.

या शीट सगळ्या उरलेल्या नाहीत. वाफेची इंजिनं गेल्यावर कोणाला त्यांचा उपयोग वाटला नाही. पुढे 2001 मध्ये कुर्डुवाडी–पंढरपूर ब्रॉडगेज झाली, मग दशकभरात लातूर आणि मिरजेच्या बाजूही. त्या हलवाहलवीत खोल्या रिकाम्या झाल्या. एका कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात दप्तरांची पोती रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढताना मी स्वतः पाहिली आहेत. मी पोचेपर्यंत दोनच उरली होती. त्यातल्या एका पोत्यात ड्रायव्हरांची रिपेअर बुकं होती, पावसाने भिजलेली. ती मी मागून घेतली आणि पंख्याखाली महिनाभर वाळवली. त्यांतल्या एकीत एकाच इंजिनाबद्दल सतरा दिवस सलग तीच तक्रार आहे, डाव्या बाजूचा इंजेक्टर पाणी धरत नाही. अठराव्या दिवशी वेगळ्या अक्षरात ‘बदलला’. कुठल्याच अहवालात हे येणार नाही.

सरकारी कार्यालयात जाताना माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. पण अर्जात ‘इंजिनाचा इतिहास द्या’ असं लिहू नका. तसा तयार इतिहास त्यांच्याकडे नसतो, आणि उपलब्ध नाही असं उत्तर येऊन दार बंद होतं. अमुक काळातली नॅरो गेजची हिस्टरी शीट, बॉयलर रजिस्टर आणि मोडीत काढलेल्या इंजिनांची विवरणपत्रं यांची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे, असं मागा. कायद्यात पाहणीचा हक्क आहे. पहिला तास मोफत, पुढे तासाला पाच रुपये. प्रतीला पानामागे दोन. पाहणीला बसलात की रजिस्टरच्या शेजारचं रजिस्टरही दिसतं, आणि खरा माल बहुधा त्यात असतो.

आजोबांची सर्व्हिस शीट वेगळी मागा, वारस म्हणून. पेन्शन होती तर पीपीओचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा, नंबर घरच्या कागदांत असेल. कुठल्या तारखेपासून कुठल्या शेडला होते, फायरमनचे ड्रायव्हर कधी झाले, हे तिथे मिळेल. जुलै 1954 ला ते खरंच कुर्डुवाडीला होते की पंढरपूर किंवा मिरजेला, हे आधी पक्कं करा.

कारण तो फोटो आषाढीचा आहे. वारीच्या दिवसांत बार्शी लाइटवर चालण्यासारखं असेल ते प्रत्येक इंजिन बाहेर काढलं जायचं, लातूरकडचीही पंढरपूरच्या बाजूला ओढली जायची. एरवीच्या लिंकवरून, म्हणजे ठरलेल्या फेऱ्यांवरून, इंजिनाचं शेड ठरवता येतं, आषाढीत येत नाही. म्हणून फोटोमागची जागा ओळखायचा प्रयत्न करा. पाण्याची टाकी, स्टेशनचं छप्पर, झाडं. पंढरपूरच्या यात्रेच्या गर्दीचे कागद आणखी एका ठिकाणी असतात, आरोग्य खात्याकडे. कॉलऱ्याच्या भीतीने यात्रेकरूंची वाहतूक सरकार बारकाईने नोंदवत असे. रेल्वेच्या अभ्यासकांनी ती दप्तरं फारशी उघडलेली नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

एक सावधगिरी छापील बातम्यांबद्दल. शकुंतलेचं, म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर लाइनचं उदाहरण घ्या. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं झेडडी इंजिन 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत गाडी ओढत होतं आणि मग डिझेल आलं, हे वाक्य तुम्ही वीस ठिकाणी वाचलं असेल. पण झेडडी हा वर्ग आहे, एका इंजिनाचं नाव नव्हे. गाडी एकाहत्तर वर्षं वाफेवर चालली हे खरं. एकच इंजिन एकाहत्तर वर्षं तीच गाडी ओढत होतं हे मात्र त्या वाक्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी पुन्हा नंबर, सांगाडा आणि बॉयलर शोधावे लागतात. तुमच्या इंजिनाबद्दलही कोणी वर्गाचं नाव सांगितलं तर धन्यवाद म्हणा आणि लगेच नंबर विचारा.

शेवटाची नोंद शोधताना मोडीची मंजुरी आणि भंगाराची विक्री या दोन वेगळ्या तारखा असतात. मधल्या काळात सुटे भाग काढून दुसऱ्या इंजिनांना लावले जायचे, म्हणजे कागदावर मेलेलं इंजिन तुकड्यातुकड्यांनी चालत राहायचं. तांब्याचा फायरबॉक्स वेगळा विकला जाई, त्याला भाव होता. बॉयलर चांगला असेल तर तो एखाद्या कारखान्याने घेतलेला असू शकतो. तसं झालं असेल तर तुमच्यासाठी एक जास्तीचा धागा मिळतो. रेल्वेतून बाहेर गेलेल्या बॉयलरला 1923 च्या कायद्याखाली राज्याच्या बॉयलर खात्याकडे नोंद करावी लागायची, आणि नोंदणीचा नंबर बॉयलरवर कायमचा कोरावा लागायचा. बार्शीच्या जुन्या जिनिंगच्या आवारात एखादा गंजलेला बॉयलर दिसला तर त्याच्या तोंडाकडची बाजू वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे सगळं करायला वर्ष-दोन वर्षं लागतील. पण या आठवड्यात करण्यासारखं एक काम आहे आणि ते कागदांआधी करा. फोटोत आजोबांच्या शेजारी जो लांब दांड्याचं खोरं धरून उभा आहे, तो त्यांचा फायरमन असणार. उरलेले दोघे बहुधा शेडचे, एकाच्या हातात पाना दिसतोय असं तुम्ही लिहिलंय. या तिघांची नावं घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाकडून आजच लिहून घ्या, अर्धवट आठवली तरी चालतील. कुर्डुवाडीच्या रेल्वे वस्तीत आणि पंढरपुरात अशी घरं अजून आहेत, आणि नाव घेऊन गेलात तर लोक ट्रंक उघडतात. आषाढीच्या दिवशी शेडमध्ये फोटोवाला बोलावला असेल, तर त्याने एकच फोटो काढला असेल असं नाही. त्या फायरमनच्या घरीही एक प्रत असेल, कदाचित त्याच दिवसाची दुसरी, जिच्यात आजोबा अर्धा पाऊल डावीकडे उभे आहेत.